वेदान्तातील प्रयोजनविचार आणि आत्मसुख : वऱ्हाडच्या संतपरंपरेच्या संदर्भात एक अभ्यास

सारांश

सुख मिळवावयाचे असते की ओळखावयाचे असते, हा वेदान्तदर्शनातील एक मूलभूत प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे वेदान्ताने दिलेले उत्तर समजून घेऊन ते वऱ्हाडच्या भूमीतील प्रत्यक्ष जीवनांच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे. प्रज्ञाचक्षू संत श्रीगुलाबराव महाराज हे या विवेचनाचे केंद्र असून संत गाडगेबाबा व राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांच्या कार्याचा पूरक विचार केला आहे. वेदान्त बाह्य दुःखाच्या निवारणाला पर्याय देत नाही. बाह्य हानी आणि स्वतःचे मूल्य यांत आपण जी गल्लत करतो ती दूर करतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : वेदान्त, प्रयोजन, आत्मसुख, अध्यास, मधुराद्वैत, वऱ्हाड.

१. प्रस्तावना

'माझ्या जगण्याचे प्रयोजन काय?' हा प्रश्न मनुष्याला बहुधा दोन प्रसंगी पडतो. सर्व काही मिळूनही रितेपण उरते तेव्हा तो पडतो, आणि जे मिळवावयाचे ठरविले होते ते हातचे जाते तेव्हाही पडतो. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या परिसरात दुसरा प्रसंग अधिक परिचयाचा आहे. कोरडवाहू कपाशीची शेती, पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्टा, पावसाची अनिश्चितता आणि कर्जाचा बोजा यांमुळे येथील कित्येक कुटुंबांनी आपली माणसे गमावली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांची मदत योजना जाहीर केली, तेव्हा त्या सहा जिल्ह्यांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे होते. दुसरीकडे, स्पर्धा परीक्षांच्या तयारीत उमेदीची वर्षे घालविणारा तरुण वर्ग याच शहरांच्या अभ्यासिकांतून दिसतो. निकालाच्या यादीत नाव नसले की त्यालाही आपले जीवन व्यर्थ गेल्यासारखे वाटते.

अशा परिस्थितीत 'सुख अंतरात आहे' असे वाक्य उच्चारणे सोपे आहे. परंतु ते जबाबदारीने उच्चारणे कठीण आहे. ज्याच्या घरी दुःख आहे त्याला हे वाक्य उपहासासारखे वाटू शकते. म्हणून वेदान्ताला नेमके काय म्हणावयाचे आहे आणि काय म्हणावयाचे नाही, याची स्पष्टता आवश्यक ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

(१) वेदान्तातील 'प्रयोजन' व 'आनंद' या संकल्पनांचा अर्थ स्पष्ट करणे.
(२) श्रीगुलाबराव महाराजांच्या जीवनाच्या व विचारांच्या आधारे त्या संकल्पनांची परीक्षा करणे.
(३) आत्मसुखाचा विचार समाजसन्मुख कसा होतो, हे वऱ्हाडच्या संतकार्यातून पाहणे.
(४) वेदान्तासंबंधीचे प्रचलित गैरसमज दूर करून त्याची आजची उपयुक्तता व मर्यादा निश्चित करणे.

या अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. वेदान्तातील प्रयोजनविचार

३.१ प्रयोजन म्हणजे काय?

'प्रयोजन' हा शब्द आपण व्यवहारात सैलपणे वापरतो. वेदान्तात मात्र तो पारिभाषिक आहे. कोणत्याही शास्त्राच्या आरंभी चार गोष्टी स्पष्ट असाव्यात, असा प्राचीन संकेत आहे : शास्त्राचा अधिकारी कोण, विषय कोणता, शास्त्राचा व विषयाचा संबंध काय आणि त्याचे प्रयोजन कोणते. यांना 'अनुबंधचतुष्टय' म्हणतात. सदानंदांच्या 'वेदान्तसार' या ग्रंथात वेदान्ताचे प्रयोजन दोन अंगांनी सांगितले आहे : अज्ञानाची निवृत्ती आणि स्वरूपभूत आनंदाची प्राप्ती.

येथे एक सूक्ष्म अडचण उभी राहते. आनंद हे जर माझेच स्वरूप असेल, तर तो 'प्राप्त' कसा करावयाचा? जे मुळातच आहे ते मिळविणे शक्य नाही. वेदान्ती आचार्यांनी या अडचणीचे उत्तर दृष्टान्तांनी दिले आहे. गळ्यातच असलेला अलंकार हरवला असे समजून एखादी व्यक्ती घरभर शोधते. कोणी दाखवून देताच तो 'सापडतो'. दुसरा दृष्टान्त दहा सोबत्यांचा आहे. नदी ओलांडून पैलतीरी गेल्यावर प्रत्येक जण इतर नऊ जणांना मोजतो, स्वतःला मोजावयाचे विसरतो आणि दहावा बुडाला म्हणून सर्वजण शोक करतात. एक वाटसरू येऊन मोजणाऱ्याला सांगतो की दहावा तूच आहेस, आणि शोक संपतो. चौदाव्या शतकातील विद्यारण्यांच्या 'पंचदशी'त या दृष्टान्ताचे सविस्तर विवरण आढळते.

या दृष्टान्तातील दोन गोष्टी पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट अशी की, दहावा नव्याने निर्माण झाला नाही, केवळ मोजणीतील चूक दूर झाली. दुसरी गोष्ट अशी की, ती चूक त्या दहा जणांना आपापली उमगली नाही. बाहेरून आलेल्या एका विश्वासू माणसाच्या शब्दाची त्यासाठी गरज पडली.

३.२ श्रेय आणि प्रेय

प्रयोजनाच्या निवडीचा प्रश्न कठोपनिषदातील नचिकेत्याच्या कथेत आला आहे. यमाने त्याला धन, पशू, दीर्घायुष्य, राज्य व भोग देऊ केले; परंतु नचिकेत्याने मृत्यूच्या पलीकडील तत्त्वाचाच आग्रह धरला. या प्रसंगी उपनिषदाने 'श्रेय' आणि 'प्रेय' असा भेद केला आहे. जे तत्काळ प्रिय वाटते ते प्रेय आणि जे अंती कल्याणकारी ठरते ते श्रेय. प्रेय हे पाप आहे, असे येथे म्हटलेले नाही. दोन्ही मनुष्यासमोर येतात आणि विवेकी मनुष्य त्यांना वेगवेगळे ओळखतो, एवढाच मुद्दा आहे. जीवनाचे प्रयोजन निश्चित करणे म्हणजे एखादे मोठे ध्येय शोधून काढणे नव्हे; समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीत श्रेय कोणते आणि प्रेय कोणते, हे ओळखण्याची सवय लावून घेणे होय.

३.३ आनंदाची मीमांसा

तैत्तिरीय उपनिषदाने मनुष्याच्या अस्तित्वाचे अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय असे पाच कोश सांगितले आहेत. आपण स्वतःला कधी शरीर, कधी मन, कधी बुद्धी समजतो. परंतु या प्रत्येकाला 'माझे' म्हणणारा कोणी तरी त्यांहून निराळा असतो. या उपनिषदातील आनंदाची मीमांसा विशेष लक्षणीय आहे. तरुण, सुशिक्षित, बलवान आणि संपत्तीने भरलेल्या पृथ्वीचा स्वामी असलेल्या मनुष्याचा आनंद हे तेथे एक माप मानले आहे. त्या मापाच्या शतपटींची चढती श्रेणी देवलोकांपर्यंत वर्णिली आहे. मात्र या श्रेणीच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर उपनिषद आवर्जून सांगते की, कामनेने न ग्रासलेल्या ज्ञानी पुरुषाला तोच आनंद त्याच्या जागी उपलब्ध असतो. म्हणजेच ऐहिक सुख उपनिषदाने नाकारले नाही. मापनाचा आरंभच आरोग्य, विद्या आणि धन यांपासून केला आहे. नाकारली आहे ती एवढीच समजूत की आनंद केवळ याच मार्गाने येतो.

विषयसुखाचे विद्यारण्यांनी केलेले विश्लेषण याच दिशेने जाते. 'पंचदशी'च्या अखेरच्या पाच प्रकरणांची नावेच योगानंद, आत्मानंद, अद्वैतानंद, विद्यानंद आणि विषयानंद अशी आहेत. इच्छित वस्तू मिळाली की मन क्षणभर शांत होते; त्या शांत मनात आत्म्याच्या आनंदाचे प्रतिबिंब पडते; आणि आपण तो आनंद वस्तूतून आला असे मानतो. थोड्याच वेळात नवी इच्छा उत्पन्न होते आणि प्रतिबिंब ढवळून निघते. गाढ झोपेत एकही विषय समोर नसताना मनुष्य 'सुखाने झोपलो' असे म्हणतो, हा याच विचाराला पुष्टी देणारा नित्याचा अनुभव आहे.

आधुनिक मानसशास्त्रातही यास मिळताजुळता विचार आढळतो. फिलिप ब्रिकमन व डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये असे मांडले की, परिस्थिती सुधारली तरी मनुष्य तिला सरावतो आणि त्याच्या समाधानाची पातळी पुन्हा जवळपास पूर्वीच्या जागी येते. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल (१९०५–१९९७) यांनी नाझी छळछावण्यांतील अनुभवानंतर १९४६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात, जगण्याला अर्थ असेल तर मनुष्य अपार यातनाही सोसू शकतो, असे प्रतिपादन केले. वेदान्त आणि हे विचार एकच आहेत असे म्हणता येणार नाही. फ्रँकल जीवनाने समोर ठेवलेल्या जबाबदारीत अर्थ पाहतात. वेदान्त एक पाऊल मागे जाऊन, अर्थ शोधणारा 'मी' कोण, असे विचारतो.

४. श्रीगुलाबराव महाराज : एका जीवनाची साक्ष

४.१ जीवन

वेदान्ताचा वरील सिद्धान्त ग्रंथात पटतो. जीवनात टिकतो का, हा खरा प्रश्न आहे. या दृष्टीने वऱ्हाडातील श्रीगुलाबराव महाराजांचे जीवन अभ्यसनीय आहे. त्यांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या गावी मोहोड घराण्यात, शेतकरी कुटुंबात झाला. वर्ष पूर्ण होण्याच्या आतच त्यांची दृष्टी गेली. आई बालपणीच निवर्तली आणि त्यांचे संगोपन आजोळी झाले. वडिलांचे गाव माधान हे चांदूर बाजार तालुक्यातील असून पुढे याच गावाच्या नावाशी महाराजांचे नाव जोडले गेले. शाळेत जाऊन शिकणे त्यांच्या वाट्याला आले नाही. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुणे येथे, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तैत्तिरीय उपनिषदातील मानवी आनंदाचे माप लावले तर या जीवनात त्यातील फारच थोडे होते. दृष्टी नाही, औपचारिक शिक्षण नाही, दीर्घायुष्य नाही. तथापि या चौतीस वर्षांत त्यांच्या हातून मराठी, संस्कृत आणि हिंदी भाषांत सव्वाशेहून अधिक लहानमोठ्या ग्रंथांची निर्मिती झाली. 'संप्रदायसुरतरु', 'साधुबोध', 'प्रेमनिकुंज', 'मानसायुर्वेद' ही त्यांतील काही नावे होत. त्यांचे बरेच वाङ्मय 'सूक्तिरत्नावली' या मालेतून प्रसिद्ध झाले आहे.

४.२ श्रवण, मनन, निदिध्यासन

वेदान्ताने ज्ञानाचे तीन टप्पे सांगितले आहेत : श्रवण, मनन आणि निदिध्यासन. डोळस विद्यार्थ्याच्या बाबतीत 'श्रवण' याचा अर्थ बहुधा ग्रंथवाचन असा होतो. महाराजांच्या बाबतीत तो शब्दशः खरा होता. सोबतीच्या माणसांकडून ग्रंथ वाचून घ्यावयाचे, ऐकलेले स्मरणात ठेवावयाचे आणि स्वतःची रचना तोंडी सांगून लिहवून घ्यावयाची, असा त्यांचा क्रम होता. दृष्टीचा अभाव त्यांनी नाकारला नाही. त्याच्याशी जुळवून घेणारी कार्यपद्धती उभी केली, आणि त्या पद्धतीत अनेक सहकाऱ्यांचा हातभार होता. एकट्याच्या बळावर मिळविलेल्या यशाची ही कथा नाही, ही बाब त्यांच्या चरित्राचा गौरव करताना पुष्कळदा दृष्टीआड होते.

मनन म्हणजे ऐकलेले तर्काने तपासणे. महाराजांनी केवळ परंपरागत दर्शनांचाच विचार केला नाही. डार्विन व स्पेन्सर यांच्या उत्क्रांतिविषयक मतांचाही त्यांनी परामर्श घेतला. त्यांच्या सर्वच निष्कर्षांशी आजचा अभ्यासक सहमत होईल असे नाही, आणि विज्ञानाच्या क्षेत्रातील प्रश्न विज्ञानाच्याच पद्धतीने सुटतात हे मान्य केले पाहिजे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडातील एका खेड्यातील अंध तरुणाने समकालीन पाश्चात्त्य विचारांची दखल घ्यावी, त्यांना वगळू नये, ही वृत्तीच मननाचा अर्थ सांगणारी आहे. निरनिराळ्या मतांतील संगती शोधण्याच्या या वृत्तीमुळेच त्यांना 'समन्वयमहर्षी' असे संबोधिले जाते.

४.३ मधुराद्वैत : ज्ञानानंतरचे प्रेम

निदिध्यासनाच्या टप्प्यावर महाराजांचे वैशिष्ट्य सर्वांत स्पष्टपणे दिसते. १९०१ मध्ये आळंदी येथे संत ज्ञानेश्वरांनी त्यांना अनुग्रह दिला, अशी त्यांच्या संप्रदायाची श्रद्धा आहे. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत आणि श्रीकृष्णाची पत्नीभावाने उपासना करीत. त्या भावाची चिन्हे म्हणून कुंकू, मंगळसूत्र इत्यादी धारण करीत. त्यांच्या या दर्शनाला 'मधुराद्वैत' असे नाव आहे.

अद्वैताच्या अभ्यासकासमोर येथे एक प्रश्न उभा राहतो. जीव आणि ब्रह्म एकच असतील तर प्रेम कोणी कोणावर करावयाचे? प्रेमाला दोघे लागतात. महाराजांचे उत्तर असे की, ज्ञानाने द्वैताचे बंधन सुटते, पण प्रेमाची गोडी संपत नाही. अज्ञानातील द्वैत मनुष्याला बांधते. ज्ञानानंतर प्रेमासाठी जाणूनबुजून स्वीकारलेले द्वैत त्याला बांधीत नाही. बाप लेकराबरोबर खेळताना मुद्दाम हरतो, तेव्हा त्याला हरल्याचे दुःख नसते, खेळाचा आनंद मात्र असतो. तसेच काहीसे हे आहे. ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'तही अद्वैतात भक्ती संभवते, हा विचार आला आहे. महाराजांनी तो एका संपूर्ण उपासनापद्धतीच्या रूपात मांडला.

जीवनप्रयोजनाच्या दृष्टीने या सिद्धान्ताचा आशय मोठा आहे. आत्मसुख म्हणजे नातेसंबंधांतून अंग काढून घेऊन कोपऱ्यात बसणे नव्हे. स्वतःच्या पूर्णतेसाठी दुसऱ्यावर अवलंबून न राहता त्याच्यावर प्रेम करता येणे, ही आत्मसुखाची खूण आहे. ज्याला काही उणीव भरून काढावयाची आहे त्याचे प्रेम मागणीच्या रूपात येते. ज्याची ती उणीव संपली आहे त्याचे प्रेम देण्याच्या रूपात प्रकट होते.

५. आत्मसुखाचे समाजसन्मुख रूप

५.१ ज्ञान आणि कर्म : एक समकालीन चर्चा

महाराजांचे निधन झाले त्याच वर्षी, १९१५ मध्ये, लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले. मंडालेच्या कारागृहात लिहिलेल्या या ग्रंथात टिळकांनी, ज्ञानी पुरुषानेही लोकसंग्रहासाठी निष्काम कर्म केले पाहिजे, असे आग्रहाने मांडले. टिळकांचे निकटचे सहकारी, अमरावतीचे ख्यातनाम वकील दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) हे टिळक मंडालेस असताना, डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ या काळात शिर्डीस राहिले होते. तेथील त्यांच्या रोजनिशीत मुकुंदराजांच्या 'परमामृत' या वेदान्तग्रंथाच्या वाचनाच्या नोंदी आहेत. राजकारणात आकंठ बुडालेल्या माणसालाही वेदान्ताची गरज भासते आणि कारागृहातील वेदान्ताच्या चिंतनातून कर्माचाच सिद्धान्त निघतो, हे दोन्ही तपशील एकत्र पाहिले असता ज्ञान व कर्म यांतील विरोध वाटतो तितका तीव्र नाही, असे दिसून येते.

५.२ संत गाडगेबाबा

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला आणि बालपण अकोला जिल्ह्यातील दापुरे या मामाच्या गावी, गुरे राखण्यात व शेतीकामात गेले. १९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. हातात खराटा, डोक्यावर मडक्याचे खापर आणि अंगावर चिंध्या, हा त्यांचा वेष सर्वश्रुत आहे. पूर्णेकाठी ऋणमोचन येथील घाट, पंढरपूर, आळंदी, नाशिक इत्यादी ठिकाणच्या धर्मशाळा आणि गावोगावची कीर्तने ही त्यांच्या कार्याची रूपे होती. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांचे निधन झाले.

गाडगेबाबांना वेदान्ती म्हणणे उचित होणार नाही. त्यांनी शास्त्रचर्चा केली नाही, कर्मकांड व अंधश्रद्धा यांवर प्रखर टीका केली, कोणाला शिष्य मानले नाही. तरीही वेदान्ताने सांगितलेल्या वैराग्याची एक कसोटी त्यांच्या जीवनाला लावता येते. त्यांच्या शब्दाखातर लाखो रुपयांच्या वास्तू उभ्या राहिल्या; त्यांपैकी काहीही त्यांनी स्वतःचे म्हणून ठेवले नाही. 'माझे' हा शब्द गळून पडल्यावर मनुष्य निष्क्रिय होतो, ही शंका त्यांच्या जीवनापुढे टिकत नाही. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, मुलांना शिक्षण हेच त्यांच्या लेखी देवपूजेचे रूप होते.

५.३ राष्ट्रसंत तुकडोजी महाराज

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेले तुकडोजी महाराज यांनी १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. १९४२ च्या आंदोलनात त्यांना कारावास घडला. त्यांच्या 'ग्रामगीता' या ग्रंथात एकेचाळीस अध्याय असून ग्रामरक्षण, आरोग्य, शिक्षण, श्रम, व्यसनमुक्ती अशा विषयांचा विचार त्यात आहे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. आत्मकल्याण आणि ग्रामकल्याण या दोन वाटा नाहीत, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होय. त्यांनी रुजविलेली सामुदायिक प्रार्थना या दृष्टीने महत्त्वाची आहे. जात, पंथ व प्रतिष्ठा बाजूला ठेवून माणसे दररोज काही वेळ एकत्र बसतात. त्यामुळे गावात कोण आले नाही, कोण खचले आहे, हे इतरांच्या सहज लक्षात येऊ शकते. दहा सोबत्यांच्या दृष्टान्तातील वाटसरूचे काम येथे गावाकडे सोपविलेले दिसते.

६. काही प्रचलित गैरसमज

पहिला गैरसमज : जग मिथ्या आहे, म्हणून दुःखही खोटे आहे. 'मिथ्या' म्हणजे 'नसलेले' नव्हे. अद्वैत वेदान्ताने सत्तेचे प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक असे तीन स्तर मानले आहेत. स्वप्नातील तहान स्वप्नातील पाण्याने भागते आणि जागेपणीची तहान जागेपणीच्या पाण्यानेच भागवावी लागते. कर्ज व्यावहारिक आहे. त्याचा उपायही व्यावहारिकच असावा लागतो. पतपुरवठा, सिंचन, पीकविमा, योग्य भाव यांच्या जागी ब्रह्मज्ञानाचा उपदेश करणे हा वेदान्ताचाच विपर्यास आहे.

दुसरा गैरसमज : प्रारब्ध म्हणजे निष्क्रियता. प्रारब्धाचा सिद्धान्त घडून गेलेल्याचा स्वीकार करावयास सांगतो. पुढील कर्म सोडावयास सांगत नाही. दुसऱ्याच्या दुःखाकडे 'त्याचे प्रारब्ध' म्हणून पाठ फिरविण्यासाठी तर तो मुळीच नाही.

तिसरा गैरसमज : वैराग्य म्हणजे संसारत्याग. गाडगेबाबांनी घर सोडले हे खरे. परंतु उपनिषदातील जनकासारखा राजाही ज्ञानी म्हणून गौरविला गेला आहे. सोडावयाची ती वस्तूवरील अवलंबून राहण्याची वृत्ती.

चौथा गैरसमज : आत्मसुख लाभलेला मनुष्य कधी खिन्न होत नाही आणि खिन्न होणारा साधनेत कमी पडला. नैराश्य ही वैद्यकीय उपचारांनी बरी होऊ शकणारी व्याधी आहे. अशा रुग्णाला साधना वाढविण्याचा सल्ला देऊन उपचारांपासून दूर ठेवणे धोक्याचे आहे.

७. आजच्या संदर्भात उपयोजन

हे गैरसमज दूर केल्यावर वेदान्ताचे स्वतःचे क्षेत्र कोणते उरते? आचार्य शंकरांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या आरंभी 'अध्यास' या कल्पनेचे विवेचन केले आहे. एका वस्तूचे धर्म दुसऱ्या वस्तूवर लादणे म्हणजे अध्यास. शरीर कृश झाले की आपण 'मी कृश झालो' म्हणतो, डोळा अधू झाला की 'मी अंध' म्हणतो. याच क्रमाने 'पीक बुडाले' या वाक्याचे 'मी बुडालो' असे रूपांतर होते. 'परीक्षेत अनुत्तीर्ण झालो' याचे 'मी निरुपयोगी ठरलो' असे होते. पहिले वाक्य घटनेसंबंधी आहे आणि ते खरे आहे. दुसरे वाक्य स्वतःच्या मूल्यासंबंधी आहे आणि ते पहिल्यातून निष्पन्न होत नाही.

या दोन वाक्यांमधील अंतर दाखवून देणे, हे वेदान्ताचे आजच्या वऱ्हाडातील खरे कार्य होय. पहिल्या वाक्यासाठी शासन, सहकार, शेतीशास्त्र आणि समाज यांनी काम केले पाहिजे. दुसऱ्यासाठी तत्त्वज्ञान, कुटुंब आणि शिक्षण यांनी. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. मदत मिळूनही मनुष्य स्वतःला बुडालेला मानीत राहिला तर ती मदत अपुरी पडते. आणि बुडत्याला केवळ आत्मज्ञान सांगितले तर ते ज्ञान निर्दय ठरते.

श्रीगुलाबराव महाराजांचे जीवन याच बिंदूवर बोलके होते. दृष्टी नसणे ही त्यांच्या जीवनातील वस्तुस्थिती होती. तो त्यांच्या जीवनाचा निकाल नव्हता. त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हणताना समाजाने हाच भेद नकळत मान्य केला आहे. महाविद्यालयीन स्तरावर हा विचार अभ्यासक्रमाबाहेरही पोहोचविता येईल. विद्यार्थ्यांच्या लहान गटांत श्रेय-प्रेयाच्या प्रत्यक्ष निवडींची चर्चा, स्थानिक संतसाहित्याचे सार्थ वाचन आणि अपयश आलेल्या विद्यार्थ्याशी निकालानंतर होणारा शिक्षकाचा संवाद, हे त्याचे साधे मार्ग आहेत. यांतील शेवटचा मार्ग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण दहावा कोण हे सांगणारा माणूस वेळेवर भेटावा लागतो.

८. निष्कर्ष

(१) वेदान्ताच्या मते जीवनाचे परम प्रयोजन नव्याने मिळवावयाचे नसून स्वतःविषयीचे अज्ञान दूर करून ओळखावयाचे असते.
(२) उपनिषदे ऐहिक सुखाचा तिरस्कार करीत नाहीत; ते आनंदाचे एकमेव द्वार आहे ही समजूत नाकारतात.
(३) श्रीगुलाबराव महाराजांच्या मधुराद्वैतात आत्मसुख हे प्रेमाचा शेवट नसून निरपेक्ष प्रेमाचा आरंभ ठरते.
(४) गाडगेबाबा व तुकडोजी महाराज यांच्या कार्यातून, 'माझे'पणाच्या त्यागातून कर्म क्षीण न होता अधिक व्यापक होते, हे दिसून येते.
(५) व्यावहारिक दुःखाला व्यावहारिक उपायच आवश्यक आहेत. वेदान्त त्यांचा पर्याय नव्हे. घटना आणि आत्ममूल्य यांतील अध्यास दूर करणे हे त्याचे क्षेत्र होय.

वऱ्हाडच्या भूमीने चौतीस वर्षांच्या आयुष्यात सव्वाशेहून अधिक ग्रंथ सांगणारा अंध तत्त्वज्ञ दिला, खराट्याने गावे झाडणारा संत दिला आणि गावालाच देव मानणारा भजनकारही दिला. या तिघांच्या वाटा वेगळ्या होत्या. परंतु मनुष्याचे मूल्य त्याच्या पदरी काय पडले यावरून ठरत नाही, याविषयी त्यांच्यात मतभेद नव्हता. या परिसरातील प्रत्येक शेतकऱ्याला आणि विद्यार्थ्याला ही गोष्ट संकटाच्या आधी, त्याला समजेल अशा शब्दांत आणि त्याच्या अडचणीत प्रत्यक्ष हात देणाऱ्या माणसाकडून ऐकावयास मिळावी, हेच या परंपरेच्या अभ्यासाचे प्रयोजन मानावे लागेल.